क्रूझरचा टॉप गिअर कधी टाकता? सातारकरांनो, अनुभव लिहा

क्रूझर, म्हणजे लांब पल्ल्याला आरामात चालवायची बाइक, घेतली की कुणीतरी सांगतंच, 'साठच्या खाली पाचवा, म्हणजे टॉप गिअर, टाकू नको.' माझ्या मीटिअर ३५०ला आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात त्याचा) काटा नाही, कितव्या गिअरात आहोत तेवढं दिसतं. त्यामुळं वेग बघून गिअर टाकायची सवय लागते. पण शेंद्र्याहून नागठाण्याकडं सपाट रस्त्याला साठला पाचवा आरामात चालतो, आणि तोच साठ, तोच पाचवा खंबाटकीच्या चढाला इंजिनाचा जीव काढतो. म्हणून मी आकड्यावर विसंबत नाही. पाचवा टाकला की ॲक्सिलरेटरची मूठ हलकीच पिळून बघतो. गाडी सरळ पुढं ओढली तर ठीक. नुसती धडधड वाढली आणि वेग तिथंच राहिला, तर परत चौथा. तुम्ही कसं ठरवता? गाडी कोणती, रस्ता कुठला, मागं कोण बसतं, सगळं लिहा.

कराड, गॅरेजवाला
धागा काढलात ते बरं केलंत, दादा. आरपीएम कमी आणि मूठ पूर्ण पिळलेली, ही अवस्था सगळ्यात वाईट. पिस्टन सावकाश चाललेला असतो आणि वरून स्फोटाचा दाब मात्र भरपूर. तो सगळा कनेक्टिंग रॉड आणि क्रँकच्या बेअरिंगवर जातो. ऑइल पंपही इंजिनाच्याच वेगानं फिरतो, म्हणजे नेमकं तेव्हाच ऑइलचा दाब कमी. आतून टकटक ऐकू आली की लगेच एक गिअर खाली घ्या. चेनलाही हिसके बसतात ते वेगळंच. 'टॉपला टाकली की ॲव्हरेज वाढतं' हे हलक्या मुठीला खरं आहे, चढाला दामटताना नाही.
शिवाय सगळ्या क्रूझर एका मापाच्या नसतात. मीटिअरचा कमाल टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, ४,००० आरपीएमला मिळतो, ॲव्हेंजर २२०चा ७,०००ला. ॲव्हेंजरवाल्यानं मित्राच्या मीटिअरकडं बघून लवकर पाचवा टाकू नये.

वाई, मीटिअर
आई मागं असते. पसरणी घाटात मी पाचव्याला हातच लावत नाही, वळणांना दुसरा-तिसरा, मधल्या सरळ तुकड्याला क्वचित चौथा. पाचगणीहून उतरतानाही तिसराच, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. खाली वाईत सपाटीला आलं की मग वरचे गिअर. गिअर खाली घेताना क्लच सोडायच्या आधी मूठ जराशी पिळली की आईला धक्का बसत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण तिची कंबर दुखते.

सातारा, सुपर मीटिअर ६५०
आमच्याकडं सहा गिअर. सहावा फक्त हायवेला, तोही रस्ता मोकळा असेल तर.

कोरेगाव, ॲव्हेंजर २२०
आमच्याकडं प्रश्न उसाच्या ट्रॉल्यांचा. हंगामात ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, रात्री पुष्कळांना मागचा दिवा नाही. त्यांच्या मागं गाडी हळू होते आणि लोक पाचव्यातच मूठ पिळून बाहेर काढतात. गाडी ओढतच नाही, आणि समोरून एसटी आलेली असते. मी ट्रॉली दिसली की तिसऱ्यात येतो. पूर्ण दिसत असेल तरच बाहेर काढतो, तिसरा-चौथा चांगला ओढतो आणि दोन्ही ट्रॉल्या मागं पडल्याशिवाय पाचवा टाकत नाही. उन्हाळ्यात समोरून वारं असलं तर त्यानंतरही चौथाच ठेवतो.