मुलं शिकताना तुम्ही कधी वर्गात बसून पाहिलंय का? अनुभव सांगा

शिक्षण हक्क कायदा (२००९) आल्यापासून शाळा व्यवस्थापन समितीत निदान ७५ टक्के पालक असतात. मीही त्यातली एक, पारोळा तालुक्यातली. बैठकीत पोषण आहार, गळकं छत यावर बोलून आम्ही उठायचो. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा दुसरीच्या वर्गात तासभर खाली बसले. ४२ मधून १७ काढायचे होते. एका मुलाने दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडला, सुट्या काड्या बारा झाल्या, त्यातल्या सात बाजूला सारल्या आणि स्वतःशीच म्हणाला, "आते जमनं." तुम्ही काय पाहिलंत?

रावेर
ताई, आमच्या केळीच्या बागेत गुरुजी चौथीची पोरं घेऊन आले. एका घडात केळी किती? आधी पाटीवर अंदाज लिहायचा. पोरांनी पहिल्या फणीतली केळी मोजली, फण्यांनी गुणलं. एक मुलगी मात्र खाली वाकून बघत राहिली. म्हणाली, "खालच्या फण्यांत केळी कमी आहेत, गुणाकार चुकणार." मग फणीफणीची बेरीज झाली. माझी हयात केळीत गेली, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. गुरुजींनी उत्तराची घाई केली नाही, मला तेच फार आवडलं.

धडगाव
डीएडला असताना पहिलीच्या वर्गात गेले होते. चित्रात रेल्वे. रेल्वे नंदुरबारला, इथल्या डोंगरात कुठली? घरी पावरी बोलणारी पोरं गप्प. ताईंनी चित्र मिटवलं, मोहाची फुलं पुढ्यात ओतली. पाचवीतली मुलगी दुभाषी झाली आणि वर्गात एकच गलका!

अमळनेर
एका शाळेत पाहुण्यांसाठी मुलांना फुलं घेऊन उन्हात उभं केलं होतं. पाहुणे फोटो काढून गेले, वही एकाचीही उघडली नाही. अशी भेट नकोच. जायचं तर सांगून जा आणि मागच्या बाकाशी बसा.

आसोदा
बहिणाबाईंचं माहेर आमचं गाव. शाळेत आज्यांना जात्यावरच्या ओव्या म्हणायला बोलावलं होतं. माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नाही. त्या म्हणत होत्या, पोरं लिहून घेत होती. एका मुलीने पेन थांबवून विचारलं, "बाई, 'पानी' लिहू की 'पाणी'?"
बाई म्हणाल्या, "आजी म्हणाल्या तसं."