मिडल स्कूलचे रिपोर्ट कार्ड: निकालाची टक्केवारी आणि मुलांची वर्गवारी एकत्र कशी वाचावी?

प्रश्न

अमेरिकेत येऊन आम्हाला तीन वर्षे झाली. मुलगी पाचवीत आहे, म्हणजे पुढच्या वर्षी मिडल स्कूल सुरू होईल. घर बदलायचेच असल्याने दोन पब्लिक मिडल स्कूलपैकी कोणाच्या हद्दीत राहायचे, हे सध्या आमच्या हातात आहे. राज्याने प्रसिद्ध केलेल्या रिपोर्ट कार्डनुसार पहिल्या शाळेतील ६२ टक्के मुले गणितात ‘प्रोफिशियंट’ (राज्याच्या चाचणीत इयत्तेची अपेक्षित पातळी गाठलेली) आहेत, तर दुसऱ्या शाळेतील ५४ टक्के. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुले पहिल्या शाळेत जेमतेम एक पंचमांश आहेत आणि दुसऱ्या शाळेत दोन तृतीयांश. ही आठ टक्क्यांची तफावत शिकवण्यातली आहे की आणखी कशातली, हे कसे ओळखावे? ओळखीची मंडळी रेटिंगचा आकडा पाहून मोकळी होतात. मला ते पटत नाही, पण त्यात नेमके काय चुकते, हे मला सांगताही येत नाही.

प्रतिसाद १

तुमचेच आकडे घेऊन एक कल्पित हिशेब मांडतो. दोन्ही शाळांत प्रत्येकी ३०० मुले आहेत असे धरा. पहिल्या शाळेत सुस्थितीतील २४० मुलांपैकी ७० टक्के, म्हणजे १६८, आणि दुर्बल घरांतील ६० मुलांपैकी ३० टक्के, म्हणजे १८ मुले प्रोफिशियंट ठरली. एकूण १८६, म्हणजे ६२ टक्के. दुसऱ्या शाळेत सुस्थितीतील १०० पैकी ७८ आणि दुर्बल घरांतील २०० पैकी ८४, म्हणजे ४२ टक्के, प्रोफिशियंट ठरली. एकूण १६२, म्हणजे ५४ टक्के. दुसरी शाळा दोन्ही गटांत सरस असूनही बेरजेत मागे पडली, कारण तिच्याकडे येणारी मुलेच वेगळी आहेत. तुमच्या शाळांत असेच असेल असे नाही. पण एकूण टक्केवारीवरून ते कळणार नाही, एवढे नक्की.

१९६६ च्या कोलमन अहवालापासून (अमेरिकी शाळांची देशव्यापी सरकारी पाहणी) हेच दिसत आले आहे की मुलांच्या गुणांशी शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीचा संबंध अधिक घट्ट असतो. म्हणून आधी गटवार तक्ता उघडा. २०१५ च्या केंद्रीय कायद्यानुसार तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन आणि गणित यांची चाचणी घ्यावी लागते आणि निकाल वंश, आर्थिक स्थिती, अपंगत्व व इंग्रजी शिकणारी मुले अशा गटांनुसार जाहीर करावे लागतात. तुमच्या राज्यात ‘ग्रोथ’चा आकडा दिला असेल, तर तो त्यानंतर पाहा. साधारणपणे आधीचे गुण सारखे असलेल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतील मुले वर्षभरात किती पुढे सरकली, हे तो सांगतो.

प्रतिसाद २

मी काही वर्षे सहावी-सातवीला गणित शिकवत होते. वरचा हिशेब बरोबर आहे, पण गटांच्या नावांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’ हे बऱ्याच ठिकाणी मोफत किंवा सवलतीच्या जेवणाच्या पात्रतेवरून ठरते, आणि सवलतीची मर्यादा केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्के आहे. म्हणजे अगदी हलाखीतले घर आणि कसेबसे भागणारे घर एकाच रकान्यात बसतात. शिवाय काही शाळांत अर्ज न मागता सरसकट सगळ्यांना मोफत जेवण मिळते, तिथे हा आकडा फुगलेला असू शकतो. इंग्रजी शिकणाऱ्या गटाचे तर विचारूच नका. ज्या मुलाला भाषा जमली, त्याचे नाव गटातून निघते आणि नुकतीच आलेली मुले आत येतात, त्यामुळे शिक्षक कितीही राबले तरी गटाचा निकाल खालीच राहतो. (कायदा अशा मुलांचे गुण चार वर्षांपर्यंत त्याच गटात मोजू देतो, पण प्रत्येक राज्य तसे करतेच असे नाही.)

माझ्या मते रिपोर्ट कार्डमधला सर्वांत दुर्लक्षित आकडा गैरहजेरीचा. शाळेचे १८० दिवस धरले, तर १८ किंवा अधिक दिवस बुडवणारे मूल ‘क्रॉनिक’ (वारंवार) गैरहजर ठरते. माझ्या वर्गात अपूर्णांकांचा भागाकार सुरू झाला त्या आठवड्यात जी मुले आली नाहीत, ती पुढे गुणोत्तरात अडकली आणि त्यानंतर समीकरणांतही.

प्रतिसाद ३

थोडी असहमती नोंदवतो. ग्रोथ चांगली असली, तरी तुमच्या मुलीला कोणता वर्ग मिळेल, हा प्रश्न उरतोच. आठवीत अल्जिब्रा घेता येते का, आणि त्यासाठीची निवड सहावीतच होते का, हे दोन्ही शाळांना विचारा. निवडीच्या वर्गात कोणत्या गटांतली मुले दिसतात, हेही विचारा. एकाच इमारतीत दोन वेगळ्या शाळा चालत असल्याचे मी पाहिले आहे. ‘एशियन’ रकान्यावर मात्र फार विसंबू नका. त्यात आपल्यासारखी नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे आणि निर्वासित म्हणून आलेली कुटुंबे एकत्र मोजली जातात.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. तक्ते उघडले. दुर्बल घरांतील मुलांचा निकाल दुसऱ्या शाळेत खरोखरच वरचढ आहे, सुस्थितीतील मुलांचा जवळपास सारखा आहे, आणि ग्रोथही दुसरीचीच जास्त. गैरहजेरीत मात्र पहिली शाळा बरी. अल्जिब्राबद्दल दोन्हीकडे ईमेल पाठवले आहेत. एक शंका राहिली: पहिल्या शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या निकालाच्या जागी नुसती चांदणी आहे. म्हणजे एकही मूल प्रोफिशियंट नाही का?

प्रतिसाद १

नाही. गटातली मुले इतकी थोडी आहेत की टक्केवारी छापली तर कोणते मूल ते ओळखता येईल, म्हणून आकडा झाकला आहे. किमान किती मुले हवीत, ही मर्यादा राज्यागणिक बदलते. तक्त्याखालच्या बारीक टिपेत ती सापडेल.