पूर्ण आकाराचा आर२-डी२: सुरुवात पायांपासून करायची की घुमटापासून?

वैदर्भी_मेकर

नमस्कार मंडळी,

स्टार वॉर्स चित्रपटांतला आर२-डी२ रोबो पूर्ण आकारात बनवायला घेतोय. नुसता शोभेचा नको. चालणारा, डोकं फिरवणारा, दिवे आणि आवाज असलेला हवा. आराखडे आणि छापायच्या फायली हाताशी आहेत. हातात असलेलं सामान असं:

- थ्रीडी प्रिंटर, बेड २२० × २२० मिमी, भोवती बंद पेटी नाही
- १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन लेड ॲसिड बॅटऱ्या
- आर्डुइनो मेगा आणि दोन ईएसपी३२ (कंट्रोलर बोर्ड), फ्लायस्कायचा सहा चॅनेलचा रिमोट

मुक्काम नागपूर, त्यामुळे उन्हाळ्याचा विचार करावाच लागणार. प्रश्न असे:

१) छपाईला पीएलए प्लॅस्टिक चालेल का? स्वस्त आहे आणि या प्रिंटरवर बिनत्रास निघतं.
२) मोटर कोणती, किती वॅटची?
३) दोन पायांवरून तीन पायांवर येण्याची यंत्रणा सुरुवातीलाच घ्यावी का?
४) आधी घुमट (डोकं) छापावा असा विचार आहे, कारण ओळख त्याच्यामुळेच पटते. बरोबर आहे का?

---

लोखंडी_चाक

चौथ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. घुमट आधी करू नका. पावलं आधी. मोटर, चाक, साखळी आणि बॅटरी पावलाच्या कवचात बसली नाहीत तर वरचं सगळं चालणाऱ्या यंत्राऐवजी पुतळा होऊन बसतं. आणि पावलाची मापं बदलली की घोटा बदलतो, घोट्यामागे पाय.

वजन आधी धरा. छापील अंग, ॲल्युमिनियमचा सांगाडा, मोटरी आणि बॅटऱ्या मिळून ४०-४५ किलो होतील. ४५ किलो धरून गणित करू. कार्यक्रमाच्या जागी साधारण १:८ चढाचा रॅम्प भेटतो. त्यावर नुसतं वर ढकलायला सुमारे ५५ न्यूटन लागतात, घर्षणाचे १०-१५ वेगळे, म्हणजे ७० धरा. चाक १० सेंमी व्यासाचं, त्रिज्या ०.०५ मीटर, म्हणजे दोन्ही चाकांवर मिळून ३.५ न्यूटन-मीटर टॉर्क, एका चाकाला पावणेदोन. सेकंदाला १ मीटर वेगाने हे केलं तरी ७० वॅट लागतात. थोडक्यात, वॅट फार लागत नाहीत. अडचण असते ती फेऱ्यांची.

खेळण्यातल्या ई-स्कूटरची मोटर, म्हणजे एमवाय६८१२ वगैरे, मिनिटाला २७५० फेरे फिरते. चाकाला हवेत २०० ते ३००. १० सेंमीच्या चाकावर २५एच साखळीचं ४० दात्यांचं स्प्रॉकेट बसतं (व्यास ८१ मिमी). त्याहून फार मोठं घेतलं तर ते जमिनीला टेकायला लागतं. पुढे ११ दाते, मागे ४०, म्हणजे ३.६ पट घट. चाक साडेसातशे फेरे फिरणार आणि मोकळ्या धावेत ताशी १४ किलोमीटर! हळू चालवायला गेलात की ती मोटर थरथरते, गरम होते, चढावर बसते. म्हणून गिअर असलेली मोटर घ्या. एमवाय१०१६झेड, २४ व्होल्ट, २५० वॅट आपल्याकडे सहज मिळते. गिअरनंतर तिचे फेरे तीनशे-साडेतीनशेच्या घरात येतात. चाकाला एकास-दीड साखळी लावली की माणसाच्या चालीचा वेग मिळतो. पण ही मोटर जाड आहे. विकत घेण्याआधी पावलाचा आडवा छेद पुठ्ठ्यावर खऱ्या मापात काढा आणि मोटर, साखळी, चाक त्यावर आखून बघा. जागा उरत नसेल तर लहान गिअर मोटर शोधा. कवच मोठं करू नका, नजरेला लगेच खटकतं.

दोन-तीन-दोनची यंत्रणा पहिल्या फेरीत नको. १९७७च्या मूळ चित्रपटातसुद्धा दोन पायांचा आणि तीन पायांचा आर२ वेगवेगळे होते. दोन पायांवरच्या दृश्यांत आत अभिनेते केनी बेकर असायचे आणि तीन पायांचा रिमोटवर चालायचा. तीन पायांवर स्थिर करा, अंग मागे सुमारे १८ अंश कललेलं. मात्र खांद्याचा सांधा बोल्टने उघडता येईल असा ठेवा, पुढे यंत्रणा घालता येईल.

बॅटऱ्या पावलांच्या बाजूच्या खोक्यांत घाला. वजन खाली राहिलं तर अचानक थांबल्यावर तोंडावर पडत नाही. हा सांगाडा उंच आणि अरुंद आहे, आणि जोरात ब्रेक लागून पुढे कोसळणं हा त्याचा नेहमीचा अपघात. तुमच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या की २४ व्होल्ट ७ एएच मिळतील. लेड ॲसिडमधून अर्धीच ऊर्जा काढायची म्हटलं तरी थांबत-थांबत तासभर चालेल. चाचणीपुरतं पुष्कळ झालं.

---

थर_शून्य_दोन

छपाईबद्दल.

पीएलए नको. ते ५५ ते ६० अंशांना मऊ पडतं आणि नागपुरात मे महिन्यात बंद गाडीतलं तापमान त्याच्या वर जातं. सर्वांत आधी घुमटाची कडी वाकडी होते आणि मग डोकं एका बाजूला घासत फिरतं. पीईटीजी घ्या (८० अंशांपर्यंत तग धरतं). नोझल २४०, बेड ८०, पंखा ३०-४० टक्के. एबीएस-एएसए ही प्लॅस्टिकं बंद पेटीशिवाय बेडवरून कडांना उचलतात, त्यामुळे तुमच्या प्रिंटरला ती बाद. पावसाळ्यात पीईटीजी ओल धरतं आणि तंतू सोडतं, तेव्हा रीळ ६५ अंशांवर सहा तास वाळवून मगच लावा.

अंगाचा व्यास साधारण ४६४ मिमी. त्या कड्याचा चौथा भाग ३२८ मिमी लांब होतो आणि तुमच्या बेडचा कर्ण ३११, म्हणजे बसत नाही. सहावा भाग २३२ मिमी, तो तिरका ठेवून बसतो. आठवा भाग १७८ मिमी, तो सरळ बसतो. सहा तुकडेच करा. सांधे कमी, लांबी (फटी बुजवायची पुट्टी) भरायचं कामही कमी.

सांध्यांत नेहमी होणारी चूक: तुकडा आडवा छापला की पहिला थर ०.२-०.३ मिमी बाहेर फुगतो. जोडताना फक्त तो फुगवटा टेकतो आणि वर फट राहते. गोंद भरून लोक ती बुजवतात आणि कडं मोठं होतं. कटरने कड तासून मगच जोडा.

एक नियम मोडू नका: घुमटाची कडी आणि अंगाचं वरचं कडं एकाच मटेरियलचं, जमल्यास एकाच ब्रँडचं. आकसण्यात नुसता ०.४ टक्के फरक पडला तरी ४६४ मिमीवर जवळजवळ दोन मिमी होतात. तेवढ्याने बेअरिंग बसत नाही.

पायांची गोष्ट वेगळी. ते उभे छापले की थर आडवे येतात आणि चालताना पाय पुढे-मागे वाकतो तेव्हा थरांतूनच तडा जातो. भिंती (बाहेरच्या कडेचे पदर) चारऐवजी सहा केल्या तरी हे पुरतं थांबत नाही. घोट्यापासून खांद्यापर्यंत प्रत्येक पायातून १० मिमीचे दोन आट्यांचे रॉड आरपार घाला, दोन्ही टोकांना मोठे वायसर लावून नट आवळा. थर सतत दाबात राहतात, ते उघडायला बघत नाहीत. अंगात पाऊण इंची चौकोनी ॲल्युमिनियम पाइपचा सांगाडा करा आणि खांद्याचा भार त्यावर द्या. छापील कातडीवर भार नकोच. कातडीला तीन भिंती, १५ टक्के इनफिल (आतली जाळी) भरपूर. फिलामेंट दहा किलोंच्या खाली भागणार नाही. स्लायसरमध्ये (छपाईची तयारी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) सगळ्या फायलींची बेरीज करून वर पंधरा टक्के धरा.

पावलं आधी, हे मान्य. पण त्याही आधी त्या कड्याचे सहा तुकडे छापून, जोडून व्यास मोजा. प्रिंटर किती खोटं बोलतो ते पहिल्याच आठवड्यात कळतं.

---

वैदर्भी_मेकर

मनापासून आभार, दोघांचेही. पीईटीजी आणि गिअर मोटर नक्की केली. कड्याची चाचणी आज लावतो.

आता विजेचं. घुमटात दहा सर्वो (दारं वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरी, एमजी९०एस), लुकलुकणारे लॉजिक दिवे आणि तीन होलोप्रोजेक्टर (प्रोजेक्टरच्या नळ्या) आहेत. १२ तारांची, तारेमागे २ अँपिअरची स्लिप रिंग (फिरत्या डोक्यात तारा न पिळता वीज नेणारा सांधा) बघितली आहे. आर्डुइनो खाली आणि सर्वो ड्रायव्हर वर ठेवून स्लिप रिंगमधून आयटूसी (चिपांमधल्या संदेशांच्या तारा) नेलं तर?

---

तार_जोड

आयटूसी स्लिप रिंगमधून नेऊ नका. ती एकाच बोर्डावरच्या चिपांसाठी आहे. फिरताना संपर्क क्षणभर सुटला की बस अडकते आणि सर्वो जिथे असतील तिथे थिजतात. तुमच्याकडे दोन ईएसपी३२ आहेतच. एक अंगात, एक घुमटात ठेवा आणि दोघांत ईएसपी-नाऊ (त्यांची आपापसातली बिनतारी जोडणी) वापरा. स्लिप रिंगमधून फक्त वीज जाईल.

वीजही ५ व्होल्टने पाठवू नका. एमजी९०एस अडकला की ०.७ अँपिअर घेतो. दहा एकदम अडकले तर ७ अँपिअर, म्हणजे ३५ वॅट. १२ व्होल्टने पाठवलं तर कन्व्हर्टरमधली घट धरूनही साडेतीन अँपिअरमध्ये भागतं. तीन तारा धन, तीन ऋण अशा एकत्र जोडा, क्षमता ६ अँपिअर होते आणि सहा तारा मोकळ्या राहतात. घुमटात ५ व्होल्टचे दोन बक (व्होल्ट उतरवणारे) कन्व्हर्टर: एक सर्वोंना, दुसरा ईएसपी३२ आणि दिव्यांना. दोन्ही एकावर टाकले तर दार उघडताना दिवे मिचकतील आणि ईएसपी रीसेट होईल. स्लिप रिंगच्या वरच्या बाजूला २२०० मायक्रोफॅराड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा. डब्ल्यूएस२८१२ दिवे (रंग बदलणारे एलईडी) पूर्ण पांढरे केले तर एकेक ६० मिलिअँपिअर खातो. चमक २० टक्क्यांवर बांधून टाका, डिफ्यूझरमागे तीच जास्त खरी दिसते. पुढचा गोल दिवा लाल-निळा, मागचा पिवळा-हिरवा, हे उलटं करू नका.

मोटरी चालवायला सेबरटूथ २×३२ किंवा सायट्रॉनचा दोन चॅनेलचा ३० अँपिअर ड्रायव्हर. सेबरटूथ ब्रेक लावताना वीज बॅटरीकडे परत ढकलतो, म्हणून टेबलावरच्या पॉवर सप्लायवर चाचणी करू नका, बॅटरीच जोडा. बॅटरीच्या धन टोकापासून हातभर अंतरातच ४० अँपिअरचा फ्यूज आणि त्यानंतर लाल आपत्कालीन बटण. ते बटण पाठीमागे, उघड्यावर, कोणालाही दाबता येईल असं हवं. लपवलेलं बटण असून नसल्यासारखं.

आणि फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की यंत्र थांबवणारी सोय. रिमोट बंद केल्यावर रिसीव्हरने दोन्ही चॅनेल मध्यावर आणले पाहिजेत. फ्लायस्कायमध्ये ते हाताने सेट करावं लागतं, आपोआप होत नाही. मोटरी सिरियलने (बोर्डाकडून तारेतून हुकूम पाठवून) चालवत असाल तर ड्रायव्हरचा सिरियल टाइमआउटही चालू करा. ४५ किलोंचं यंत्र लहान मुलांच्या गर्दीत फिरणार आहे, इथे तडजोड नको.

आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी (छोटा एमपी३ बोर्ड) चालेल. त्याच्या आरएक्स पिनला १ किलोओहम लावा, नाहीतर खरखर येते. त्याचा आतला ३ वॅटचा ॲम्प्लिफायर गर्दीत ऐकू जात नाही, बाहेरचा लावा.

---

कॅन्डी_कोट

रंगाबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

पीईटीजी घासायला चिवट असतं, कोरडं घासलं की गोळे येतात. त्यामुळे प्लॅस्टिक घासत बसू नका. १२० नंबरचा सँडपेपर एकदा फिरवा, फिलर प्रायमरचे दोन हात द्या आणि मग प्रायमर घासा: २४० कोरडा, ४०० ओला. सांध्यांत गाड्यांच्या गॅरेजमधली दोन भागांची लांबी भरा, हार्डनर शेकडा दोन. जास्त घातलात तर कडक होऊन सांध्यावरच तडकते.

निळा हा साधा निळा नाही. खाली चांदीसारखा बेस, त्यावर पारदर्शक कॅन्डी निळ्याचे तीन-चार पातळ हात, वर टू-के क्लिअर (दोन भागांचा पारदर्शक लेप). कॅन्डीत प्रत्येक हातासरशी रंग गडद होतो, म्हणून सगळे निळे पॅनेल एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून, शेजारी मांडून मारा. आज घुमटाचे आणि पुढच्या महिन्यात अंगाचे केलेत तर जुळणार नाहीत. रंग जुळवताना पहिल्या चित्रपटातली अंतराळातली दृश्यं बघू नका. ती निळ्या पडद्यासमोर घेतलेली असल्यामुळे तिथे निळे पॅनेल काळे दिसतात.

दारांसाठी एक सूचना. प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून प्रत्येक कडेला ०.१५ ते ०.२ मिमी जाडी वाढते, फटीत दोन्ही बाजूंनी मिळून ०.४. फायलीत फट ०.५ असेल तर रंगानंतर दार अडकणार आणि सर्वो जळणार. छापतानाच ०.८ ठेवा.

घुमटासाठी ॲल्युमिनियमची भांडी स्पिन करणाऱ्यांकडे (फिरत्या साच्यावर पत्रा दाबून घडवणाऱ्यांकडे) जाता येतं, मूळ घुमट तसेच स्पिन केलेले होते. पण एका नगासाठी साचा करून घेणं महाग पडतं. तीन-चार जण एकत्र आलात तरच परवडेल. होलोप्रोजेक्टर मात्र मनापासून घडवा. मूळ नळ्या व्हिकर्स व्हायकाउंट विमानातल्या वाचनाच्या दिव्यांच्या होत्या आणि त्यांची ती जड, यंत्रशाळेतली घडण पांढऱ्या छापील नळीत येत नाही. निदान पुढची कडी तरी ॲल्युमिनियमची लेथवर टर्न करून घ्या.

---

लोखंडी_चाक

कड्याच्या चाचणीबद्दल थर_शून्य_दोन बरोबर आहेत, ती आधीच करा.

पावलं तयार झाली की अंग बसवण्याआधी हे करून बघा. तीन पावलं पाइपच्या चौकटीवर बांधा, बरोबर अंतरावर. चौकटीवर जमिनीपासून ६० सेंमी उंचीवर ३० किलोंची सिमेंट किंवा वाळूची पोती घट्ट बांधा. मग पुढे, थांब, मागे. दिशा उलटताना मधल्या पावलातली कॅस्टर (वळणारी चाकं) अर्धा फेरा मारतात आणि सांगाडा बाजूला झटका खातो. झटका मोठा असेल तर कमी ट्रेलची (चाक आणि ते वळतं तो आस यांतलं अंतर कमी असलेली) कॅस्टर घाला. ड्रायव्हरमध्ये वेग वाढवायचा वेळ (त्यालाही रॅम्पच म्हणतात) शून्यावरून पूर्ण वेगापर्यंत निदान एक सेकंद ठेवा, थांबताना त्याहून थोडा जास्त. गुळगुळीत टाइल, गालिचा आणि रॅम्प, तिन्हींवर फिरवा. टाइलवर चाक घसरत असेल तर कडक पॉलियुरेथेन काढून मऊ रबराचं घाला. वीस मिनिटांनी मोटरला हात लावा. हात ठेवता येत नसेल तर साखळीचं गुणोत्तर चुकलंय, मागचं स्प्रॉकेट चार-पाच दात्यांनी वाढवा.

---

वैदर्भी_मेकर

कड्याचे दोन तुकडे निघाले. पहिला थर तासल्यावर सांधा नख अडकणार नाही इतका बसला. उरलेले चार रात्रभरात होतील, व्यास मोजून इथेच लिहितो. कॅन्डी_कोट ताई, दारांची फट फायलीत ०.५च आहे, आजच ०.८ करतो. स्पिनिंगच्या साच्याच्या खर्चात विदर्भातून कोणी वाटेकरी होणार असेल तर कळवा.