राजकुमार : 'जानी'च्या आधीचा

हिंदी सिनेमातला नट राजकुमार म्हणजे फक्त पांढरे बूट आणि संवादांत समोरच्याला 'जानी' म्हणणं, असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. मूळचे कुलभूषण पंडित, काश्मिरी पंडित घराण्यातले, पण जन्म बलुचिस्तानातल्या लोरालाईचा. मुंबईत आले आणि पोलिसांत सब-इन्स्पेक्टर झाले. पहिला सिनेमा १९५२ चा 'रंगीली'. तो कुणाला आठवत नाही आणि आठवायची गरजही नाही.

'मदर इंडिया'तला शामू मात्र पुन्हा बघा. दगडाखाली दोन्ही हात जातात, बायकोच्या जिवावर खायचं म्हणून आतल्या आत कुढतो आणि एका रात्री घर सोडून जातो. त्यात आवाजाचा रुबाब कुठेच नाही, नुसती शरम. 'पैगाम'मध्ये (१९५९) ते दिलीपकुमारचे मोठे भाऊ झाले होते, प्रत्यक्षात वयाने लहान असून! पुढे दोघे एकत्र दिसले ते थेट १९९१ ला, 'सौदागर'मध्ये. 'दिल एक मंदिर'मधला कॅन्सरचा रुग्ण आता बघवत नाही, कारण १९९६ मध्ये ते घशाच्या कॅन्सरनेच गेले.

माझ्या मते 'वक्त'ने (१९६५) त्यांचं भलं केलं आणि नुकसानही. संवादफेक इतकी गाजली की पुढे लोक अभिनय सोडून तीच मागू लागले.

जाता जाता : 'तिरंगा'त इन्स्पेक्टर वागळे झाला नाना पाटेकर, आणि खरोखर खाकी घातलेला माणूस ब्रिगेडियर!