बेसी डिलेनी खरंच एवढी फटकळ होती का?

मोरपंखी:
अमेरिकेतल्या डॉ. बेसी डिलेनीबद्दल वाचतेय सध्या. जन्म १८९१, नॉर्थ कॅरोलायना, वडील गुलामीत जन्मलेले आणि पुढे बिशप झालेले, घरात दहा भावंडं, आणि ही बाई १९२३ ला कोलंबिया युनिव्हर्सिटीतून डेंटिस्ट होऊन थेट हार्लेममध्ये, न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वस्तीत, दवाखाना टाकते. न्यूयॉर्क राज्यात लायसन मिळालेली दुसरी कृष्णवर्णीय महिला डेंटिस्ट! पण जिथे बघावं तिथे तिच्या तिखट जिभेचेच किस्से. खरंच तशी होती की शंभरी ओलांडल्यावर मुलाखतीत रंगवून सांगितलंय?

गप्पिष्ट:
थोडं रंगवलं असेलही, पण सगळं नाही. जॉर्जियात वेक्रॉस स्टेशनवर काळ्यांच्या वेटिंग रूममध्ये एक दारुडा गोरा डोकावून काहीबाही बोलला तर हिने त्याला गप्प बस आणि तुझ्या गोऱ्यांच्या खोलीत जाऊन बस म्हणून सुनावलं. त्या काळात तिथे एवढ्यावरून माणसं झाडाला लटकवत होते हो. बाहेर गर्दी जमायला लागली, नशीब की गाडी आली. सोबत दोन कृष्णवर्णीय शिक्षिका होत्या, त्या बिचाऱ्या घाबरून अर्धमेल्या. तिची मोठी बहीण सेडी गोड बोलून काम काढणारी, ही समोरच्याच्या तोंडावर सांगणारी. आणि दोघी जन्मभर एकत्र राहिल्या, लग्न दोघींनीही केलं नाही.

दातदुखी_नको:
मला कॉलेजचा किस्सा जास्त झोंबतो. प्रोफेसरने हिचं काम नापास केलं, मग वर्गातल्या एका गोऱ्या मुलीने तेच काम स्वतःच्या नावाने देऊन बघितलं तर पास! असं झाल्यावर जीभ तिखट नाही होणार तर काय. बाकी पेशंटशी मात्र ती तशी नव्हती हां. दात साफ करायचे २ डॉलर, चांदीचं फिलिंग ५ डॉलर, आणि १९५० ला रिटायर होईपर्यंत हाच रेट, मधे महामंदी आली, महायुद्ध झालं तरी. सगळे तिला डॉ. बेसीच म्हणायचे.

मोरपंखी:
सत्तावीस वर्षं एकच रेट?? मग पैसे काय कमावले असतील हिने

दातदुखी_नको:
फार नाहीच. पण फी वाढवायची गरज वाटली नाही असं तिचं म्हणणं, आणि पैशासाठी कोणापुढे वाकायचं नाही हा हट्ट तर होताच. मला तर तिचं फटकळपण नि ही फी एकाच स्वभावातून आलेली वाटते.

जुनापुराणा:
एक भर घालतो, लोक बरेचदा बेसीलाच पहिली समजतात. देशातली पहिली कृष्णवर्णीय महिला डेंटिस्ट आयडा ग्रे, मिशिगन युनिव्हर्सिटी, १८९०. आधी सिनसिनाटीत आणि नंतर शिकागोत प्रॅक्टिस केली, गोरे पेशंटही यायचे तिच्याकडे. तिच्यावर मात्र फारसं कोणी लिहीत नाही, कारण बेसीसारखे किस्से सांगायला ती १०४ वर्षं जगली नाही.

गप्पिष्ट:
१०४ आणि तेही योगासनं करत नि रोज कच्चा लसूण खात 😄