घरच्या लेथवर शाफ्टला टेपर: टेलस्टॉक न लावता एका बाजूला, लावल्यावर दुसऱ्या बाजूला

गडहिंग्लजकर (प्रश्न)

नमस्कार. घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी साडेचार फुटी जुना बेल्टचा लेथ (माल फिरवून टूलने कापण्याचे यंत्र) बसवला आहे. सेंटरची उंची १६५ मिलिमीटर आहे, मोटर एक एचपी सिंगल फेज आहे आणि लेथचे पाय लोखंडी अँगलच्या स्टँडवर बोल्टने आवळलेले आहेत. सध्या शेजारच्या गोठ्यातील कडबाकुट्टी यंत्रासाठी नवा शाफ्ट करायचा आहे. माल २५ मिलिमीटरचा ईएन-८ (पोलादाचा एक प्रकार) ब्राइट बार असून लांबी ३०० मिलिमीटर आहे. दोन्ही टोकांना ६२०४ बेअरिंग बसणार असल्याने त्या जागा २० मिलिमीटरच्या हव्यात, आणि एका टोकाला पुलीसाठी ६ मिलिमीटरचा की-वे (पुली अडकवणाऱ्या कीसाठी खाच) पाडायचा आहे.

अडचण अशी की, बार चकमधून (माल पकडून फिरवणारा भाग) १५० मिलिमीटर बाहेर काढून, टेलस्टॉक (मालाच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) न लावता टर्निंग केले, तर चकजवळ २०.०२ आणि मोकळ्या टोकाला २०.०८ असे माप येते, म्हणजे टेपर (जाडी एका टोकाकडे बदलत जाणे) येतो. तोच माल सेंटर ड्रिल मारून टेलस्टॉक लावून टर्न केला, तर २५० मिलिमीटर लांबीत उलट टेलस्टॉककडचे टोक ०.०४ ने बारीक होते. एका परिचितांनी बेडला (लेथचा लांब लोखंडी पाया) पीळ असेल, मागच्या पायाखाली पत्रा घाला, असे सुचवले. दुसऱ्यांच्या मते हेडस्टॉकच (चक फिरवणारा भाग) सरकलेला आहे आणि तो सोडवून पुन्हा बसवावा लागेल. दोन्ही कामे मोठी असल्याने आधी नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. माझ्याकडे ०.०१ चा मायक्रोमीटर, मॅग्नेटिक स्टँडसह डायल आणि एक छोटे ड्रिल-मिल मशीन आहे.

टूलरूम_चाकण

सर, कोणताही बोल्ट सैल करण्यापूर्वी थांबावे, अशी विनंती आहे. आपली दोन निरीक्षणे एकमेकांना छेद देत नाहीत. ती दोन वेगळ्या कारणांतून आलेली दिसतात आणि त्यांतले पहिले कारण बहुधा मशीनमध्ये नसून मालातच आहे.

टूल माल कापताना त्याला मागे ढकलतही असते. चकमध्ये एकाच टोकाला धरलेला बार या दाबाने वाकतो, आणि मोकळ्या टोकाला सर्वांत जास्त वाकतो. २० मिलिमीटरचा स्टीलचा बार १५० मिलिमीटर बाहेर असेल आणि टूलचा आडवा दाब साधारण पाच किलो असेल, तर टोक सुमारे ०.०३५ मिलिमीटर मागे सरकते. व्यासात हा फरक दुप्पट, म्हणजे ०.०७ दिसतो. आपल्याला ०.०६ मिळाला आहे, म्हणजे निव्वळ या एका कारणाने आपला सगळा टेपर समजावता येतो. हे वाकणे बाहेर काढलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटते. म्हणून लांबी निम्मी केली तर वाकणे आठपट कमी होते, आणि व्यास दुप्पट केला तर सोळापट.

यावरून चाचणी अशी करावी. ४० मिलिमीटरच्या आसपासचा एमएस (साध्या पोलादाचा) बार घ्यावा, १५० मिलिमीटरच बाहेर काढावा आणि टेलस्टॉक लावू नये. बारवर चकजवळ एक आणि टोकाला एक अशा दहा-पंधरा मिलिमीटर रुंदीच्या दोन कॉलर ठेवून मधला भाग थोडा खाली उतरवावा. मग चांगली धार लावलेल्या एचएसएस (हायस्पीड स्टीलच्या) टूलने, टूलचे नाक अगदी लहान ठेवून, ०.१ चा कट दोन्ही कॉलरवर एकाच सेटिंगवर घ्यावा आणि क्रॉस स्लाईडला (टूल आत-बाहेर सरकवणारा भाग) मध्ये हात लावू नये. त्यानंतर डेप्थ न वाढवता तेच टूल पुन्हा एकदा फिरवावे. आता दोन कॉलरमध्ये जो फरक उरेल, तो मशीनचा. बाकीचा मालाच्या वाकण्याचा होता, असे समजावे.

आपण कार्बाइड इन्सर्ट वापरत असाल तर त्याच्या नाकाची त्रिज्या पाहावी. ०.८ च्या नाकाने ०.१ चा कट घेतला, तर टूल कापण्यापेक्षा माल रेटण्याचेच काम अधिक करते, आणि हलक्या लेथवर हे फार जाणवते. चकचे जॉ (माल आवळणारे जबडे) तोंडाशी झिजून फाकलेले असले, तरीही बार असाच मागे जातो. त्यामुळे बार हाताने दाबून टोकाशी डायल किती हलतो आणि दाब काढल्यावर तो पूर्ववत येतो का, तेही एकदा बघून घ्यावे.

सांगलीचा फिटर

वरील चाचणी योग्यच आहे. तिच्यातून फरक उरलाच, तर बेडच्या पिळाबद्दल थोडे लिहितो, कारण त्या बाबतीत लोक अंदाजाने पत्रे घालत बसतात आणि मशीन आणखी बिघडवतात.

बेडला पीळ पडला की टेलस्टॉककडे जाताना सॅडल (बेडवर सरकणारा, टूल वाहून नेणारा भाग) पुढे किंवा मागे कलते, आणि टूल बेडच्या वर उंचावर असल्याने त्या कलण्यामुळे ते अक्षापासून लांब किंवा जवळ जाते. मोकळे टोक जाड येत असेल, तर टूल तिथे अक्षापासून लांब जात आहे. मग टेलस्टॉककडचा पुढचा पाय, म्हणजे आपण उभे राहतो त्या बाजूचा, किंचित उचलावा लागतो. मोकळे टोक बारीक येत असेल तर याच्या उलट करावे. मागच्या पायाखाली पत्रा घालण्याचा सल्ला आपल्या बाबतीत टेपर वाढवेल.

आता हिशोब पाहू. ०.०६ चा संपूर्ण फरक पिळामुळे आला असे धरले, तर दोन मापांमधील साधारण १२० मिलिमीटर अंतरात टूल व्यासाच्या फरकाच्या निम्मे, म्हणजे ०.०३ सरकले. सेंटरची उंची १६५ असताना, बेडच्या एक मीटर लांबीत हा पीळ मीटरला दीड मिलिमीटर एवढा होईल. इतका पीळ साध्या बांधकामाच्या लेव्हलवरही दिसला असता. म्हणून माझाही कल पहिल्या उत्तराकडेच आहे.

तरीही लेव्हल करावीच. साध्या पाणी-लेव्हलने हे काम होत नाही. त्याला मीटरला ०.०२ किंवा निदान ०.०५ मिलिमीटरचा उतार दाखवणारी मशीन लेव्हल लागते, जी जवळच्या एखाद्या टूलरूममधून एका दिवसापुरती मागून आणता येते. ती क्रॉस स्लाईडवर आडवी ठेवावी आणि सॅडल हेडस्टॉकपासून टेलस्टॉकपर्यंत नेत बुडबुडा कुठे कुठे थांबतो ते लिहून ठेवावे. मशीन पाण्याच्या रेषेत असण्याची गरज नाही. दोन्ही टोकांचे वाचन सारखे असले की पुरे. त्यानंतर पायांचे सगळे बोल्ट सैल करून तेच वाचन पुन्हा घ्यावे. बोल्ट सैल केल्यावर फरक नाहीसा झाला, तर बेड मुळात सरळ आहे आणि तुमचे स्टँडच त्याला पिळत आहे, असा अर्थ होतो. अँगलच्या स्टँडवर हे सर्रास घडते. अशा वेळी बेडला हात न लावता ज्या पायाखाली फट राहते तिथे तेवढ्याच जाडीचा शिम (पातळ पत्रा) भरावा आणि मग आवळावे.

हेडस्टॉक मात्र सर्वांत शेवटी. बऱ्याच लेथवर तो बेडच्या व्ही मार्गावरच बसलेला असतो आणि आपोआप सरकत नाही.

गडहिंग्लजकर

दोघांचेही मनापासून आभार. ४० च्या बारवर दोन कॉलर ठेवून, एचएसएस टूलने सांगितल्याप्रमाणे कट घेतला. फरक ०.०६ वरून थेट ०.०१ वर आला, टोकाकडचा भाग जाड. लेव्हलही मिळाली. हेडस्टॉक आणि टेलस्टॉक या दोन टोकांच्या वाचनात मीटरला साधारण ०.२ चा फरक आहे आणि टेलस्टॉककडे पुढची बाजू खाली आहे. बोल्ट सैल केल्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे स्टँडच पिळत होते. पायांमधील अंतर आडवे ३०० मिलिमीटर आहे, त्यामुळे हिशोबाने ०.०६ च्या आसपासचा शिम लागेल. ०.०५ चा फीलर गेजचा पत्रा घातला आणि आवळून पाहिले. आता दोन कॉलरमधला फरक माझ्या मायक्रोमीटरवर दिसत नाही.

टेलस्टॉक लावल्यावर येणारा उलटा टेपर मात्र तसाच आहे. तो आता कसा काढावा? आणि की-वे आधी पाडावा की नंतर, हेही सांगावे.

टूलरूम_चाकण

उत्तम. आपले आकडे एकमेकांशी जुळतात, ही समाधानाची बाब आहे: मीटरला ०.२ चा पीळ, १६५ ची उंची आणि १२० ची लांबी यांतून व्यासात ०.००८ चा फरक निघतो आणि आपल्याला ०.०१ मिळाला होता. यापुढे हेडस्टॉकचा विचार सोडून द्यावा.

आता टेलस्टॉक. बेड सरळ झाल्यावरच त्याला हात लावायचा असतो, कारण पिळलेल्या बेडवर जुळवलेला टेलस्टॉक बेड सरळ केल्यावर पुन्हा चुकतो. टेलस्टॉककडचे टोक बारीक येते, याचा अर्थ त्याचे सेंटर अक्षापेक्षा आपल्या बाजूला, टूलकडे सरकलेले आहे. मोजण्यासाठी माल चकमध्ये न धरता दोन सेंटरच्या (टोकदार आधारांच्या) मध्ये, कॅरिअर (मालावर आवळून त्याला फिरवणारी पकड) लावून फिरवावा, कारण चकमध्ये आवळलेला बार टेलस्टॉकच्या चुकीला विरोध करतो आणि आकडा फसवा येतो. सेंटरमध्ये धरलेल्या जाडसर बारच्या दोन्ही टोकांना कॉलर ठेवून त्याच पद्धतीने हलका कट घ्यावा. व्यासातील फरकाच्या निम्मे अंतर टेलस्टॉक मागे सरकवायचे असते, म्हणजे फरक ०.०४ आला तर ०.०२. टेलस्टॉकच्या बॅरलला बाजूने डायल लावावा, आडवे स्क्रू एक सैल आणि एक घट्ट करत तेवढे सरकवावे, आणि क्लँप आवळल्यानंतर डायल पुन्हा वाचावा, कारण आवळताना तो बहुतेक वेळा थोडा हलतो. बॅरल कामाच्या वेळी जेवढे बाहेर असेल, तेवढेच चाचणीच्या वेळीही ठेवावे.

शाफ्टचे फिनिश काम दोन सेंटरमध्येच करावे. एक टोक झाल्यावर माल उलटा फिरवून कॅरिअर दुसऱ्या बाजूला लावला, तरी दोन्ही बेअरिंगच्या जागा एकाच अक्षावर राहतात, जे चकमध्ये उलटवून जमत नाही. कॅरिअरच्या स्क्रूखाली तांब्याचा पत्रा घालावा. ६२०४ साठी कडबाकुट्टीसारख्या धक्के बसणाऱ्या यंत्रावर के-५ फिट (रिंग किंचित घट्ट बसेल असे प्रमाणित माप) ठेवावा, म्हणजे २०.००२ ते २०.०११. ०.०१ च्या मायक्रोमीटरवर हे माप अंदाजाने वाचण्यापेक्षा स्लिप गेज (अचूक मापाचे ठोकळे) किंवा नव्या बेअरिंगच्या आतल्या रिंगशी ताडून पाहावे. शेवटचे दोन कट सारख्याच डेप्थचे आणि सारख्याच फीडचे घ्यावेत, म्हणजे उपांत्य कटनंतर जेवढा फरक मोजाल तेवढाच शेवटच्या कटमध्येही येईल. मोजण्यापूर्वी माल थंड होऊ द्यावा. २० मिलिमीटरचे स्टील ४० अंशांनी तापले तर सुमारे ०.००९ ने फुगते, आणि फिटची सगळी सूट तेवढीच आहे. शेवटचे एक-दोन मायक्रॉन पॉलिश पेपरने काढायचे असतील, तर पेपर बोटांभोवती किंवा शाफ्टभोवती कधीही गुंडाळू नये. तो कानशीच्या पाठीवर धरून वापरावा आणि हातमोजे अजिबात घालू नयेत.

सांगलीचा फिटर

की-वे फिनिशच्या आधी. ब्राइट बार थंड अवस्थेत ओढलेला असल्यामुळे त्याच्या पृष्ठभागाजवळ ताण साठलेला असतो आणि एकाच बाजूची धातू काढली की बार किंचित वाकतो. म्हणून दोन्ही टोके २०.५ पर्यंत रफ करावीत, मग की-वे पाडावा, दोन सेंटरमध्ये डायल लावून शाफ्ट किती डोलतो ते पाहावे आणि त्यानंतरच फिनिश कट घ्यावा. २० च्या शाफ्टवर ६ बाय ६ च्या कीसाठी खोली ३.५ असते, पण अजून व्यासात ०.५ शिल्लक असल्याने रफ पृष्ठभागापासून ३.७५ खोल जावे. फिनिश करताना की-वेच्या भागावर टूलला झटके बसतील. तिथे एचएसएस टूल आणि हलका फीड पुरेसा आहे.

ड्रिल-मिलवर कटर ड्रिल चकमध्ये मुळीच धरू नये. ड्रिल चकचे जॉ आडवा दाब सहन करण्यासाठी नसतात आणि कटर हळूहळू खाली उतरत जातो. कॉलेटच (कटर सर्व बाजूंनी आवळणारी नळी) वापरावे. शाफ्ट व्ही ब्लॉकवर क्लँप करून ५ मिलिमीटरच्या दोन दातांच्या स्लॉट ड्रिलने मधोमध पूर्ण खोली गाठावी. त्यानंतर दोन्ही भिंती कटर फिरतो त्याच्या विरुद्ध फीड देत थोड्या थोड्या रुंद कराव्यात, म्हणजे टेबलाच्या स्क्रूमधील ढिलाईमुळे कटर मालात ओढला जाणार नाही. ६ च्या कटरने एकाच पासमध्ये पाडलेला स्लॉट हलक्या मशीनवर हमखास मोठा होतो. सर्वसाधारण फिटच्या कीसाठी रुंदी ५.९७ ते ६.०० मध्ये हवी, तेव्हा की आधी विकत आणून ती स्लॉटमध्ये लावूनच शेवटचा पास ठरवावा.