मदत हवी आहे: थंड पाण्यात स्ट्राइप्ड बास गळाला लागत नाही

न्यू जर्सी, रॅरिटन बे, किनाऱ्यावरून. मार्चअखेर, पाणी ४५ अंश फॅरनहाइटच्या आसपास. उन्हाने तापलेल्या चिखलपट्टीवरून दुपारची ओहोटी उतरते, तिथे टाकतोय. सरकतं शिसं ३ औंस, ३० पौंडी फ्लोरोकार्बनचा दोन फुटी लीडर (हुकाआधीचा दोरीचा तुकडा), ५/० इनलाइन सर्कल हुक (आत वळलेल्या टोकाचा; आमिष लावायचं तर नियमाने तोच सक्तीचा), त्यावर ब्लडवर्म हा समुद्री किडा.

रॉडचं टोक जेमतेम थरथरतं, मग शांत. गुंडाळून बघावं तर अर्धा किडा गायब, हुकाचं टोक उघडं. झटका मारत नाही, त्याने सर्कल हुक तोंडातून निसटतोच.

लीडर फूटभर करून हुक लहान, २/० वर आणावा का? की जड शिसं लावून, रॉड स्टँडवरच ठेवून मासा वळेपर्यंत थांबावं? का हे व्हाइट पर्च या छोट्या माशांचंच काम? आमिषाला क्लॅम (शिंपले) सुचवू नका, त्यावर स्केट मासे येऊन हैराण करतात.